औषधापुरतं आत

दहा गोळ्यांच्या पट्टीतून दोन गोळ्या कापायच्या असतील, तर ज्या टोकाला काही छापलेलं नसतं त्या टोकाकडून कात्री लावायची. दुसऱ्या टोकाला मुदतीची तारीख असते. तो तुकडा शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पट्टीला राहिला पाहिजे. कापलेल्या कोपऱ्याला चंदेरी कागदाचं बारीक टोक वर येतं आणि बोटाला लागतं. एरवी माझ्या काउंटरवर अशा अर्धवट पट्ट्या फार पडायच्या नाहीत. संप सुरू झाल्यापासून मात्र त्यांना एक वेगळा खोका करावा लागला. जो येई तो दोनच गोळ्या मागे. पित्ताच्या दोन, डोकेदुखीच्या दोन, नाहीतर तुम्हाला ठीक वाटतील त्या दोन.

माझं काउंटर त्या मोठ्या दुकानात अगदी शेवटी आहे. दारातून आत आलेल्या माणसाला माझ्यापर्यंत पोचायला भाजी, दूध, तेल, साबण आणि बिस्किटं या सगळ्यांच्या मधून चालावं लागतं. हे चुकून झालेलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा मॅनेजरने मला दुकानाचा नकाशा दाखवला होता. औषध लागणारा माणूस काही झालं तरी येतो, मग तो रिकाम्या हाताने का जावा, असं त्याचं म्हणणं. कंपनीची गावोगावी अशी दुकानं आहेत आणि सगळीकडे औषधं मागच्या भिंतीला आहेत.

संप एका स्टुलावरून झाला असं लोक म्हणत. ते अर्धं खरं होतं. बिलिंगच्या बायकांना पूर्वी बसायला उंच स्टुलं होती. उभा माणूस तत्पर दिसतो असं मुख्य कार्यालयाने कळवलं आणि स्टुलं गोदामात गेली. उरलेलं अर्धं लोकांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. आज कामावर किती वाजता यायचं हे त्याच दिवशी सकाळी फोनवर कळायचं. कधी लगेच, कधी दुपारी, कधी ‘आज नको’. ‘आज नको’ आलं की त्या दिवसाचा पगार नाही. माझी नणंद बिलिंगवर होती. ती दात घासतानासुद्धा फोन बेसिनच्या कडेला ठेवायची.

नवऱ्याचं घर सोडून ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एक बॅग होती. ही नोकरी तिने स्वतः मिळवली आणि तिच्या जोरावर ती वेगळी खोली बघणार होती. आमच्या दोन खोल्यांत ती बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते. सकाळी सगळ्यांच्या आधी उठते आणि अंथरुणाची घडी अशी घालून ठेवते, की तिथे रात्री कुणी झोपलं होतं असं वाटू नये.

मी संपात नव्हते. औषध विभाग कागदोपत्री दुसऱ्या कंपनीच्या नावावर आहे, आमचा करार वेगळा, संघटना आमची नाही. शिवाय औषधाचं काउंटर माझ्या परवान्यावर चालतं; तो चौकटीत घालून माझ्या डोक्यामागे टांगला आहे. त्यामुळे रोज सकाळी नणंद आणि मी एकाच दारातून निघायचो, एकाच रस्त्याने चालायचो, आणि गेटपाशी ती थांबायची, मी आत जायचे. माझा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. त्याच्या मते आमचं घर जगातलं सगळ्यात सुरक्षित घर होतं, कारण सत्ताधारी पक्ष आणि विरोधी पक्ष दोन्ही एकाच ताटात जेवत होते. पहिल्या आठवड्यात या विनोदावर आम्ही तिघंही हसलो.

संपकऱ्यांनी गेटच्या एका खांबाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती; दुसरं टोक त्यांच्यातलं कुणीतरी धरून उभं असे. दोरी ओलांडणं कुणालाही जमलं असतं, लहान मुलालाही. पण पलीकडे ओळखीची माणसं हात बांधून, काही न बोलता उभी असत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पाय उचलायला लोकांना जड जाई. सुरुवातीला दुकान खरंच ओस पडलं. पाव शिळे होऊन परत जात होते. मॅनेजर फोनवर बोलताना माझ्या काउंटरमागे येऊन उभा राही, कारण तिथून आवाज बाहेर जात नाही.

मग दम्याचे एक आजोबा गेटवर अडले. कुणी त्यांना अडवलं नव्हतं, ते आपणहूनच थांबले होते, घुटमळले आणि खाली बसले. संघटनेचा म्होरक्या गोदामात काम करायचा. सगळे त्याला दादा म्हणत. त्याने स्वतः आजोबांना उचलून माझ्यापर्यंत आणलं. त्याच दिवशी त्याने नियम केला: ज्याच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी असेल त्याच्यासाठी दोरी उचलायची, मानाने आत सोडायचं आणि एक शब्द विचारायचा नाही. आपलं भांडण कंपनीशी आहे, आजाऱ्यांशी नाही, असं तो म्हणाला. या भागात औषधाचं दुसरं दुकान नव्हतं. नियम चांगला होता. इतका चांगला नियम फक्त संपकरीच करू शकतात, मॅनेजरला तो कधीच सुचला नसता.

त्यानंतर आमच्या भागात साथ आली. जुन्या चिठ्ठ्या कपाटांतून बाहेर निघाल्या. दोरी धरणारा चिठ्ठी वाचत नसे, आणि माणसं ती दोन बोटांत उंच धरून, चेहरा थोडा पाडून येत. दूध-दह्याच्या फ्रीजपर्यंत आली की बरी होत. मी दोन गोळ्या कापून देई आणि ती ट्रॉली ढकलत बिलाच्या नव्या मशीनकडे जात. मशीनवर माणूस लागत नव्हता. माल उतरवणारा कंत्राटी माणूस एकदा मला म्हणाला, की ताई, एवढे आजारी लोक आहेत इथे, मला वाटतं पाण्यातच काहीतरी असणार. मी पाण्याचं काही सांगू शकले नाही.

रांगेत उभी माणसं बोलतात. औषधाच्या रांगेत तर जास्तच, कारण प्रत्येकाला आपण का आलो हे दुसऱ्याला सांगायचं असतं. संपाला विरोध असलेलं मला त्या रांगेत कुणी भेटलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या वहिनींचा संपाला पूर्ण पाठिंबा होता, फक्त मुलांना दूध लागतं. एका बँकवाल्याचं म्हणणं असं, की मागण्या रास्त आहेत पण पद्धत चुकली, गिऱ्हाइकाला वेठीला धरायला नको होतं. त्याच्या ट्रॉलीत मांजराचं खाणं होतं. कुणी म्हणे, एका स्टुलासाठी एवढं? आम्ही नाही का दिवसभर उभे राहत? कुणी म्हणे, ही मोठी दुकानं आली आणि शेजार गेला, पूर्वीची ती छोटी दुकानं किती छान होती.

हे शेवटचं वाक्य लोक माझ्याकडे बघून म्हणत. कारण त्या छोट्या दुकानांतलं एक माझं होतं. सासऱ्यांनी काढलेलं, समोरच्याच फुटपाथवर, दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. या भागातली कोण कुठली गोळी खातं हे मला तेव्हा तोंडपाठ होतं. मोठ्या दुकानाने औषधांवर सूट लावली आणि लोक एकेक करून रस्ता ओलांडून गेले. समोरून जाताना मान वळवून हसायचे मात्र. दुकान बंद केलं त्या दिवशी चष्मेवाल्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढच्या महिन्यात कंपनीने परवान्यासकट मला आत घेतलं, तर त्यांनी माझं अभिनंदन केलं. आता कसं सगळं एका ठिकाणी मिळतं, म्हणाल्या.

नणंदेने मला संपाच्या दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं. आम्ही भांडी आवरत होतो. ती विसळत होती, मी पुसत होते, त्यामुळे एकमेकींकडे बघावं लागत नव्हतं.

“वहिनी, औषधं तू गेटवर आणून दिलीस तर? चिठ्ठ्या आम्ही गोळा करून ठेवू. मग आत जायचं कुणाला कारणच उरणार नाही.”

मी बघते म्हणाले.

तिने मला सगळं नीट समजावून सांगितलं. या शाखेचा धंदा बसला तर मुख्य कार्यालयातून कुणीतरी बोलायला येईल, तोपर्यंत येणार नाही. मॅनेजर वर कळवतो आहे की गिऱ्हाईक येतंय, काळजी नको. महिना संपेपर्यंत जे कामावर हजर होणार नाहीत, त्यांनी नोकरी सोडली असं धरणार, तसा कागद त्याने गेटवर लावला होता. म्हणजे दोरीवर उभ्या असलेल्यांची नोकरी राहणार की जाणार, हे माझ्या काउंटरच्या जागेवरून ठरणार होतं. मला ते तिने सांगायच्या आधी कळलं होतं. कारण आणि परिणाम शोधायची मला कॉलेजपासून सवय आहे.

पण औषध काउंटरवरच विकायचं असं माझ्या करारात स्पष्ट लिहिलं होतं. बाहेर नेलं तर त्याच दिवशी मला काढून टाकायला त्यांना कारण मिळालं असतं. दोघी एकदम घरी बसलो तर एकट्या लिफ्टदुरुस्तीवर घर चालणार नव्हतं. ही कारणं खरी होती, आणि मी ती तिला दर वेळी सांगितली. एक कारण सांगितलं नाही.

ती त्या मोठ्या दुकानात लागली तेव्हा माझं दुकान अजून चालू होतं. संध्याकाळी काम सुटलं की ती तिथली पिवळी पिशवी घेऊन समोरून जायची, आणि माझ्या दुकानापाशी आली की पिशवी पलीकडच्या हातात घ्यायची. त्या पिशवीतलंच आम्ही रात्री जेवायचो. मी कधी काही बोलले नाही. तीही नाही. पण ती दोरी धरून ताठ उभी असायची आणि लोकांनी मोठ्या दुकानात जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे बघायची, तेव्हा माझ्या मनात येई, की बघ, कसं वाटतं ते. हा विचार मला शोभणारा नव्हता. पण रोज सकाळी तो माझ्याआधी गेटवर पोचलेला असे.

ती आठवड्यातून एकदा विचारायची, मी बघते म्हणायचे. नंतर तिने विचारणं सोडलं.

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला आणि मास्तर आले. निवृत्त माणूस, सरळ कण्याचा. संपाच्या पहिल्या दिवशी त्यांनी गेटवर येऊन भाषण केलं होतं. कामगाराच्या घामावर त्यांची वाक्यं फार चांगली होती आणि दादाने ती एका फलकावर लिहून लावली होती. त्या फलकाखालून मास्तर आत आले. त्यांनी माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली. रक्तदाबाच्या गोळ्या, नाव त्यांच्या पत्नीचं. बाई गेल्या थंडीत वारल्या. त्यांची औषधं वर्षानुवर्षं मीच दिली होती, आधी माझ्या दुकानातून, मग इथून.

“या चिठ्ठीवर देता येणार नाही, मास्तर,” मी हळू म्हणाले.

“देऊ नका. मला कुठे हव्यात?” त्यांनी चिठ्ठी उचलली, पूर्वीच्याच घड्यांवर दुमडली आणि खिशात ठेवली. “आत यायचं होतं फक्त. तेलाला आज सूट आहे.”

त्यांच्या बोलण्यात लाज नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता. बस चुकली तर माणूस सांगतो तसं त्यांनी ते सांगितलं. मग तेलाचे दोन डबे घेऊन ते गेले. माझ्या काउंटरवरून मधल्या वाटेने थेट दाराच्या काचेपर्यंत नजर जाते; मला दिसलं, की बाहेर पडताना त्यांच्यासाठी दोरी माझ्या नणंदेनेच उचलली. डबे जड होते म्हणून तिने एक हातही लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर काउंटरवर आला, खुशीत होता. तोही फार वाईट माणूस नाही; त्याच्या वरचा माणूस त्याला सकाळी फोनवर सांगतो आणि तो आम्हाला सांगतो. तो म्हणाला, की ताई, हा महिना तुमच्यामुळे तरलो, मी वर तुमचं नाव कळवलं आहे. मग त्याने मागे वळून हात केला, आणि माल उतरवणारा माणूस एक स्टूल घेऊन आला. नवीन होतं, उंच, पाठीला टेकू आणि बसायला गादी असलेलं. ते पुढच्या दारानेच आणलं होतं, म्हणजे गेटवरून, दोरीखालून. त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“दिवसभर उभ्या असता, आम्हाला काय कळत नाही का,” मॅनेजर म्हणाला.

मी आभार मानले. दुसरं काय म्हणायचं ते मला पटकन सुचत नाही, ही माझी जुनी अडचण आहे. तो गेल्यावर मी काही वेळ उभीच राहिले. संध्याकाळकडे पाय भरून आले तेव्हा बसले. बसल्यावर बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे.

त्या दिवशी जेवताना कुणी विनोद केला नाही. नवऱ्याने दोनदा विषय काढला, पावसाचा आणि कुठल्यातरी लिफ्टचा, आणि दोन्ही विषय तिथेच संपले. नणंदेने मला भात वाढला. नेहमीपेक्षा जास्त वाढला. मग ती म्हणाली की दादा आणि इतर काही जण उद्याचा दिवस उभे राहतील आणि परवा हजर झाल्याच्या कागदावर सह्या करून आत जातील. बाकीच्यांनी आपापलं बघायचं.

“आणि तू?” नवऱ्याने विचारलं.

“माझी सही ते घेणार नाहीत. बिलिंगवाल्यांपैकी कुणालाच परत घेणार नाहीत, मशीन आहेत ना आता. गोदामवाल्यांना घेतील.” तिने ताट उचललं. “मॅनेजर दादाला म्हणाला, धंदा पडला असता तर मला वर काहीतरी सांगता आलं असतं. पण धंदा पडलाच नाही.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भात संपवत होते. एवढा भात मला जात नाही, तरी मी तो संपवला.

सकाळी मी उठले तेव्हा दिवाणावर घडी घातलेली होती आणि ती निघून गेली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी तो रस्ता एकटी चालले. दुकान उघडायला अवकाश होता, पण गेटवर रांग होती. महिनाअखेरची सूट होती. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या. चष्मेवाल्या वहिनी दुसऱ्या नंबरवर, त्यांच्यामागे बँकवाला, आणखी मागे दोन-तीन माणसं ज्यांची मला खरोखर काळजी वाटावी अशी. एका तरुण बापाच्या खांद्यावर तापाने लाल झालेलं मूल होतं. त्याला कुणी पुढे जाऊ देत नव्हतं. इथे सगळेच आजारी, रांगेने या, असं बँकवाला त्याला समजावत होता.

दोरीवर आता थोडीच माणसं उरली होती. दादा खाली बघत होता. दोरीचं टोक नणंदेच्या हातात होतं. मी जवळ गेले तसं तिने ते वर केलं, गिऱ्हाइकासाठी करायची तसं, कोपरापासून, नीट.

“या मॅडम,” ती म्हणाली.

तिने टोमणा मारला नव्हता. आवाजात काहीच नव्हतं. गेला महिनाभर ती शेकडो लोकांशी ज्या आवाजात बोलली होती, तोच तो आवाज. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा ती शाळेत होती, आणि त्या दिवसापासून तिने मला वहिनीशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं.

मी दोरीखाली वाकले नाही. मी त्या तरुण बापाकडे गेले आणि त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली. औषध, वजन, दिवसातून किती वेळा, हे वाचलं. मग पुढे सरकून चष्मेवाल्या वहिनींपुढे हात केला. त्यांनी चिठ्ठी दिली, पण सोडली नाही. आम्ही दोघी क्षणभर तो कागद धरून उभ्या राहिलो.

“अहो, पण मला जरा दूधही घ्यायचं होतं,” त्या म्हणाल्या.

रांगेत मागे कुणीतरी हसलं. दुकानाच्या काचेआड मॅनेजर येऊन उभा राहिला होता, हातात फोन. नणंदेने दोरी अजून खाली केली नव्हती. तिचा हात तसाच वर राहिला होता.

आजचा हा संपाचा शेवटचा दिवस होता हे मला माहीत होतं. एका दिवसात धंदा पडत नाही, हेही माहीत होतं. माझी नोकरी संध्याकाळपर्यंतही टिकणार नव्हती, आणि तिची त्याने वाचेल असं धरायला माझ्याकडे काही आधार नव्हता. मी चिठ्ठी वहिनींच्या बोटांतून सोडवून घेतली आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

“दुधाचं मला माहीत नाही. चिठ्ठ्या इथेच द्या. औषधं मी गेटवर आणून देणार आहे. माझ्या काउंटरवर आजपासून कुणी यायचं नाही.”